मासळीच्या डेटाबेसमध्ये शास्त्रीय नावच प्रायमरी की ठेवलं तर चालेल का?

हर्णैपासून मालवणपर्यंतच्या बंदरांवरची मासळी, जोडीला शंखशिंपले आणि खाडीकाठची झाडं अशा नोंदी तुम्ही ठेवणार आहात. स्थानिक नावं गावागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नावच प्रायमरी की, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ ओळखायची एकमेव खूण, करावं का, असं विचारलंय. कृपा करून करू नका. माझ्या तीन वर्षांच्या पापलेटच्या नोंदी याच पायी वाया गेल्या.

स्थानिक नावांचं तुमचं म्हणणं खरं आहे. सरंगा म्हटलं की कुणी पापलेट समजतं, कुणी हलवा, आणि हे दोन मासे एका कुळातलेसुद्धा नाहीत. पण शास्त्रीय नावही बदलतं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १८१६ साली बांगड्याला स्कॉम्बर कनागुर्ता म्हटलं. पुढे जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदललं, आज तो रास्ट्रेलिजर कनागुर्ता. म्हणून आता क्युव्हिएचं नाव आणि साल कंसात लिहितात. जीनस बदलल्याची तीच खूण. आयात करताना तुमच्या कोडने कंस छाटले, की ती खूण गेली.

पापलेट वर्षानुवर्षं पुस्तकांत पाम्पस अर्जेंटियस होतं. जनुकीय अभ्यासानंतर आपल्या किनाऱ्यावरचं ते पाम्पस कॅन्डिडस ठरलं. मी फाइंड-रिप्लेस मारून मोकळा झालो. त्यात पूर्वेकडच्या समुद्रांतल्या, बाहेरून घेतलेल्या नोंदीही होत्या. त्यांचं नाव बदलायचं काही कारणच नव्हतं. कुठल्या ओळीत आधी काय होतं, ते आता कळत नाही.

तेव्हा नावांचं टेबल वेगळं करा. प्रत्येक नावाला, रद्द झालेल्यालाही, स्वतःचा साधा क्रमांक द्या आणि जुन्या नावातून आजच्या मान्य नावाकडे दुवा. वर्म्स या सागरी जीवांच्या जागतिक सूचीत असंच आहे. तिथे अमान्य नावांनाही स्वतःचा ॲफिया आयडी असतो. नोंदीच्या टेबलात मात्र त्या दिवशी लिहिलेलं नाव जसंच्या तसं राहू द्या: कुणी ओळखलं, कधी, कुठल्या बंदरावर. 'सरंगा' लिहिलं असेल तर 'सरंगा'च.

झाडंही घेणार आहात म्हणून आणखी एक. प्राणी आणि वनस्पती यांच्या नामकरणाचे नियम स्वतंत्र आहेत. वड, पिंपळ, उंबर यांचं जीनस फायकस, आणि समुद्री गोगलगायींतही फायकस आहेच. दोन्ही वैध. जीनसवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एक नाव दोनदा येऊ न देणारी अट, लावलीत तर यातलं एक आत येणारच नाही, म्हणून सृष्टीचा (प्राणी की वनस्पती) रकाना सोबत हवा.

आणि लिलावाच्या जागी भरलेल्या कागदांचे फोटो नोंदीला जोडून ठेवा. माझ्याकडे ते असते, तर पापलेटच्या ओळी आज पुन्हा लावता आल्या असत्या.