कपडे मोजू नकोस, कट बघ

अगं पोरी,

रात्री दीडला पाठवलेला तुझा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेता घेता दोनदा ऐकला. म्हणजे हिरोने शर्ट काढल्यावर तू थेटरात शिट्टी मारलीस, शेजारचा तुमचा तो असिस्टंट म्हणाला 'हे बरं चालतं, आयटम साँग आलं की मात्र बोंबलता', आणि तू रात्रभर जागी. शिट्टीचं काही नाही गं, मी पण मारल्यात. पण त्याच्याशी भांडताना तू तिच्या अंगावर किती आणि त्याच्या अंगावर किती असे कपडे मोजत बसलीस, तिथंच हरलीस. कपडे मोजू नकोस, कट बघ. एडिटिंग करतेस ना? मग तुला हे मी सांगायला लागावं?

'ओम शांती ओम'मधलं 'दर्द-ए-डिस्को' काढ, २००७ चं. शाहरुख बेचाळीसचा, ओला, उघडा, पोटाचे क्लोजअप, फराह खानने सरळ हिरॉइनसारखा दाखवलाय त्याला. तुझा असिस्टंट हेच तोंडावर फेकणार. पण ते गाणं पिक्चरमध्ये येतं कसं ते बघ ना. पिक्चरमध्ये तो स्टारच झालाय, रोल अपंगाचा आणि हा स्टार सेटवर येऊन हट्ट धरतो की मला ड्रीम सीक्वेन्समध्ये नाचायचंच आहे. म्हणजे बघायला लावणारा तोच. आणि नंतर बोलणं कशाचं, तर मेहनतीचं, डाएटचं, या वयात काय बॉडी कमावली याचं. बाईच्या पोटाला कोणी मेहनत म्हटलेलं आठवतंय? तिचं ते 'हॉट'. त्याच दिवशी 'सावरिया' लागला होता, टॉवेलवाला रणबीर, पहिलाच पिक्चर. पण कपूरांचा पोरगा, टॉवेल निसटला तरी करिअर निसटत नाही.

हिंदीचं सोड, आपलंच घे. 'कोंबडी पळाली'त भरत जाधव आणि क्रांती रेडकर दोघं नाचतात, दोघं आचरट, दोघांना मजा येतीये. २०१२ ला अजय-अतुलनी तीच चाल 'अग्निपथ'ला दिली, आणि आता कतरिना एकटी मधे आणि भोवती पुरुषांचा घोळका, कट तिच्या कमरेवर, मग त्यांच्या तोंडावर, परत कमरेवर. चाल तीच, बघणारा बदलला. (आपली कोंबडी निदान पळाली तरी, त्याच वर्षी 'दबंग २'च्या गाण्यात करीना स्वतःलाच तंदुरी मुर्गी म्हणवून घेते.)

आणि पुरुषाला काही होत नाही असं मी म्हणत नाहीये, नीट वाच. 'नटरंग' बघितलायस ना? अतुल कुलकर्णीचा गुणा पैलवान असतो तोवर त्याच्या अंगाला हात लावायची कोणाची टाप नाही. तोच तमाशातला बायकी नाच्या झाला की मात्र कोणीही हात टाकावा, आणि टाकतात, काय होतं ते तुला माहितीये. माणूस तोच. बाईसारखा दिसला, लगेच सगळ्यांचा माल. दुटप्पीपणावर मला यापेक्षा जास्त काही म्हणायचं नाही. लॉरा मल्व्हीने सिनेमातल्या पुरुषी नजरेवर १९७५ मध्ये लिहिलेला निबंध जरूर वाच, पण मला त्यातली वाक्यं पाठवू नकोस, तुझ्या एडिटची टाइमलाईन पाठव.

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. वीसेक वर्षं झाली, एक गाणं आलं होतं कापायला. त्या मुलीचा एक टेक होता, नाचता नाचता तिची टिकली निघून गालाला चिकटली आणि ती स्वतःच खो खो हसली, कॅमेऱ्याकडे बघून. काय जिवंत टेक होता! प्रोड्युसर मागे खुर्ची टाकून बसलेला, म्हणाला तोंड कशाला, खाली चला. मी गेले खाली. मुकाट्याने. गाणं हिट झालं. प्रिव्ह्यूला ती आईला घेऊन आली होती, बाहेर पडताना मला हळूच म्हणाली, ताई, माझा चेहरा कुठं गेला? मी म्हटलं लांबी जास्त होत होती. खोटं. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात कसली लांबी.

घराचा हप्ता होता, पोरगं लहान होतं, मी नाही म्हटलं असतं तर शेजारच्या केबिनमधल्याने तासाभरात कापून दिलं असतं, आणि त्याने तर माझ्यापेक्षा वाईट कापलं असतं. हे सगळं खरंच आहे. पण त्यानंतर मी हट्टाला पेटले ते पेटलेच, चेहऱ्याशिवाय तुकडा लावायचा नाही, बाई असो बुवा असो. त्यापायी दोन कामं गेली. कटकटी बाई असं नाव पडलंय, तुझ्याही कानावर आलंच असेल.

म्हणून तू जे बोलता बोलता सांगून मोकळी झालीस त्याचाच मला जास्त राग आला. त्या नव्या पोराचं गाणं सध्या तुझ्याच टेबलावर आहे, दिवसभर पाणी न पिता त्याने ते पोट दाखवलंय, शूटिंग संपल्यावर चक्कर येऊन बसला म्हणालीस, आणि तू त्याच्या छातीचे सात इन्सर्ट, म्हणजे मधेच घुसवलेले क्लोजअप, लावलेस, चेहरा एकदाच, तोही गॉगल घालून. 'बायकांचं इतकी वर्षं केलं, आता त्यांचं होऊ दे' असं हसत म्हणालीस. नाही गं. अजिबात नाही. आधी स्वतःचा कट बघ.

गुरुवारी सगळे रशेस, न कापलेलं सगळं शूटिंग, घेऊन ये, तू रिजेक्ट केलेले टेक पण. सहानंतर ये, आधी माझी फिजिओथेरपी असते. आणि त्या असिस्टंटलाही आण, शिट्टी मारणाऱ्यांना चहा मी पाजते.

तुझी
ताई