नर्सबाई घरी येतात, पण कशासाठी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालातील बहुतेक पत्रे गावाकडील आजारी माणसांविषयीची आहेत आणि त्यांपैकी बरीचशी शहरात राहणाऱ्या मुलांनी लिहिली आहेत. त्यांतील चार पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी असते. चार महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून आहे. घरी वडील आणि वहिनी आहेत. माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे. सरकारी दवाखान्याकडून घरी येऊन शुश्रूषा करणारी परिचारिका मिळते का? आशाताईंना विचारले, तर त्या ‘ते आमचे काम नाही’ म्हणाल्या. सत्तरीवरील ज्येष्ठांचे आयुष्मान कार्ड आम्ही काढले आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर : आशाताईंचे उत्तर कानाला तुटक वाटले असेल, पण ते खरे आहे. आशा ही पगारी नोकर नाही आणि परिचारिकाही नाही. ती साधारण हजार लोकवस्तीमागे नेमलेली, कामागणिक मोबदला घेणारी गावातलीच स्वयंसेविका असते. आपल्याला जे हवे आहे त्यासाठी उपकेंद्राचे दार ठोठवावे लागेल. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. तेथे आरोग्यसेविका, म्हणजे गाव जिला नर्सबाई म्हणते ती, आणि अलीकडे बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतात.

ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना घरी जाऊन भेटणे, हे उपकेंद्राच्या कामांमध्ये स्पष्टपणे धरलेले आहे. त्यामुळे ‘कुणाला तरी पाठवा’ असे मोघम न सांगता आईचे नाव, वय, आजार आणि ‘अंथरुणाला खिळलेली रुग्ण’ ही नोंद असलेला साधा अर्ज वहिनींनी उपकेंद्रात द्यावा आणि आरोग्यसेविकेच्या पुढच्या महिन्याच्या फिरतीत आपले घर धरले आहे ना, हे विचारून घ्यावे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होतो तेव्हाचा अनुभव असा, की तोंडी निरोप फिरतीच्या धबडग्यात हरवतात, कागद मात्र सहसा हरवत नाही.

या भेटीत रक्तदाब आणि साखर तपासली जाईल, जखम पाहून मलमपट्टी कशी करायची ते घरच्यांना दाखवले जाईल, नेहमीच्या गोळ्यांची सोय होईल आणि गरज वाटल्यास वरच्या दवाखान्यात पाठवले जाईल. दिवसभर उशाशी बसणारी परिचारिका मात्र ग्रामीण शासकीय व्यवस्थेत नाही आणि ती मिळेल या आशेवर आठवडे घालवू नयेत. शुश्रूषा वहिनींच्याच हातून होणार आहे. म्हणून नर्सबाई येतील तेव्हा ‘तुम्ही करा’ यापेक्षा ‘मला शिकवा आणि मी करते ते बरोबर आहे का पाहा’ असे म्हटल्यास त्या भेटीचा अधिक उपयोग होईल.

आता त्या लाल डागाविषयी. त्यावर बोट दाबून उचलावे. कातडी क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. दाबूनही लाली तशीच राहिली, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे असे समजावे आणि फिरतीच्या दिवसाची वाट न पाहता उपकेंद्राला कळवावे. लाल जागेवर तेल लावून चोळू नये, त्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. रबरी कडे किंवा हवेची नळी खाली देण्याची पद्धत अजून घरोघर दिसते. तीही सोडावी, कारण कड्याच्या काठावर रक्तपुरवठा दबतो. खरा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे. एका घरी सुनेने भिंतीवर खडूने ‘डावी, पाठ, उजवी’ असे तीन रकाने आखलेले मी पाहिले होते. जो कूस बदलेल त्याने त्याखाली वेळ लिहायची, मग तो शाळेतून आलेला नातू का असेना. त्या आजींची पाठ शेवटपर्यंत शाबूत राहिली. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी केलेली गोधडी द्यावी, अंथरूण ओले राहू देऊ नये आणि भरवताना आईला नीट बसते करावे. पाण्याने ठसका लागत असेल, तर तो साधा ठसका समजू नये आणि डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण अर्धांगवायूनंतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

आपण काढलेले कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे आणि त्याची मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये आहे. घरच्या शुश्रूषेचा किंवा डायपरचा खर्च त्यातून मिळत नाही.

प्रश्न : माझी सून माहेरी बाळंत झाली. बाळ २ किलो १०० ग्रॅमचे होते. सोळाव्या दिवशी ती आमच्याकडे आली. येथील आशाताई म्हणतात की तिचे नाव तिकडच्या यादीत आहे. मग बाळाचे वजन कोणी करायचे?

उत्तर : येथील आशाताईंनीच. माहेर आणि सासर यांच्यामधल्या एसटीच्या प्रवासात बाळे यादीतून गळतात, ही आपल्याकडची जुनी अडचण आहे, आणि नेमके नाजूक दिवसच त्यात निघून जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन पाहायचे असते. घरी बाळंतपण झाले असल्यास पहिल्या दिवसाची भेटही त्यात धरलेली आहे. आपल्या बाळाच्या शेवटच्या तीन भेटी शिल्लक आहेत. माहेरहून आणलेले माता व बाल संरक्षण कार्ड येथील आशाताईंना दाखवावे आणि उपकेंद्रात नोंद करून घ्यावी. तरीही अडले, तर गटप्रवर्तक ताईंना गाठावे. आशांच्या कामावर त्याच देखरेख करतात.

ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत खेड्यातल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हे काम देशभरातील आशांकडे सोपवले. झोळीच्या काट्यावर बाळाला टांगताना आजीचा जीव वर-खाली होतो, हे मी पाहिलेले आहे, पण त्या काट्याला नको म्हणू नये.

पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येते. आपले बाळ मुळात अडीच किलोच्या आत असल्याने आज ते २ किलो १०० ग्रॅमच्या खाली असेल, तर दवाखाना गाठावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ अंगावर ओढेनासे झाले किंवा हातपाय गार लागू लागले, तर रात्र असली तरी १०२ क्रमांकावर गाडी मागवावी. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची सरकारी दवाखान्यातील ने-आण आणि उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

प्रश्न : आमच्या गावातील उपकेंद्राला वारंवार कुलूप असते. तक्रार कोठे करावी?

उत्तर : कुलूप दिसले म्हणजे नर्सबाई कामावर नाहीत असे लगेच ठरवू नये. लसीकरणाच्या दिवशी त्या दुसऱ्या वाडीवर असतात. फिरतीचा कार्यक्रम दर्शनी भागात लावायला सांगावे आणि तो लागल्यावरही कुलूप दिसले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. एकाची तक्रार दुसऱ्याकडे गेली की ती नुसतीच टेबलावरून टेबलावर फिरत राहते.

प्रश्न : वडिलांचा कर्करोग आता बरा होण्यासारखा नाही, असे सांगून रुग्णालयाने त्यांना घरी पाठवले आहे. रात्रभर ते वेदनेने विव्हळतात. डॉक्टरांनी मॉर्फिनचा विषय काढला, पण नातेवाईक म्हणतात की त्याचे व्यसन लागते.

उत्तर : नातेवाईकांचे ऐकू नये. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. वेदनेने झोप हरपलेल्या माणसाला तो धोका दाखवून औषधापासून दूर ठेवणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. हे औषध गावच्या दुकानात मिळत नाही. मात्र २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात परिहार सेवेचा (पॅलिएटिव्ह केअरचा), म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारा, विभाग आहे का, याची चौकशी करावी. रुग्णाला उचलून न्यावे लागेल या भीतीने अनेक जण तेथे जातच नाहीत. प्रत्यक्षात आधी सर्व कागदपत्रे घेऊन घरच्या एका माणसाने जावे आणि रुग्णाला आणणे खरोखर आवश्यक आहे का, हे तेथील डॉक्टरांनाच विचारावे.

मॉर्फिनची साधी गोळी बहुधा दर चार तासांनी द्यावी लागते. दुखायला लागण्याची वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे द्यावी. या औषधाने हमखास बद्धकोष्ठ होतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत मागून घ्यावे. उपकेंद्रातील नर्सबाईंना डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी दाखवून ठेवावी, म्हणजे पुढच्या फिरतीत त्या वेदना किती उतरली, झोप किती लागली आणि शौचास कधी झाली, या तीन गोष्टी विचारून आपल्या डॉक्टरांना कळवू शकतील.