पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन: आधी मोजायचं काय ते ठरव

अरे, मांडणी (पर्म्युटेशन) आणि निवड (कॉम्बिनेशन) किती प्रकारे होते ते मोजायची सूत्रं तुला येतात. घोळ एकच गोष्ट दोनदा मोजण्यात होतोय. हेच बघ: 5 पुरुष, 4 स्त्रिया, चौघांची समिती, किमान 2 स्त्रिया हव्यात. तू आधी 4 पैकी 2 स्त्रिया निवडल्यास (6 प्रकारे), मग उरलेल्या 7 जणांतून कोणीही 2 (21 प्रकारे). झाले 126. पण 9 जणांतून कोणतीही अट न घालता चौघं निवडले तरी 126च होतात! म्हणजे अट गेली कुठे? तीन स्त्रियांची समिती तू तीनदा मोजलीस, चौघींची सहादा. ‘किमान’ दिसलं की सरळ प्रकार पाड: 2 स्त्रिया 60, 3 स्त्रिया 20, 4 स्त्रिया 1. उत्तर 81. आणि 126 हा पर्याय पेपरात हमखास असतो, पेपर काढणारे काय कच्चे नसतात.

अंकांच्या गणितात अडलेली जागा, म्हणजे जिथे अट आहे ती, आधी भर. 0 ते 5 मधून पुनरावृत्ती न करता चार अंकी सम संख्या: शेवटी 0 असेल तर 60, 2 किंवा 4 असेल तर 96. एकूण 156.

वर्तुळाकार मांडणी वगैरे नंतर बघू. सीईटी असो वा जेईई, आधी असे प्रकार पाडायला हात बसू दे.