मुलं पुटपुटत नाहीत, सर

पत्राचा गोषवारा: 'कारगिलच्या लढाईत मी द्रास भागात तोफेवर होतो. निवृत्तीनंतर बी.पी.एड. केलं. आता हडपसरच्या एका शाळेत खेळशिक्षक आहे, संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या मुलांना धावण्याचं कोचिंग देतो. मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, माझा आवाज चढतो, ती घाबरतात. उशिरा येणाऱ्याला दहा फेऱ्या लावतो. एका मुलीची नडगी दुखू लागली, तिच्या आईनं तक्रार केली. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा मी मुलांसमोरच दचकून खाली बसलो. नोकरी सोडावी का?'

नमस्कार सर,

नोकरी सोडू नका. आधी कान तपासून घ्या.

तोफेवर वर्षं काढली की आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. मोठ्या माणसांचं बोलणं समजत राहतं, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षातच येत नाही. मुलांचा आवाज मुळात बारीक, त्यात 'स', 'श', 'फ' निसटतात आणि मैदानावरच्या गलक्यात उरलंसुरलंही जातं. तुम्हाला वाटतं मूल पुटपुटतंय. तुम्ही पुन्हा, जोरात विचारता; ते घाबरून आणखी हळू बोलतं. टीव्ही फार मोठ्यानं लावता असं घरचे म्हणतात का, हेही आठवून पाहा.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे रेफरल घ्या. आधी मळ पाहतील, मग ऑडिओमेट्री: शांत खोलीत हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. तोफखान्यातली नोकरी स्वतःहून सांगा. श्रवणयंत्र सुचवलं तर पहिले काही दिवस घरातच वापरा. थेट मैदानावर नेलं की वाऱ्याचा घोंघाट होतो, माणूस वैतागतो आणि यंत्र कपाटात जाऊन पडतं. तोवर मुलाशी समोरासमोर, हातभर अंतरावरून बोला. हजेरी हात वर करून घ्या.

फेऱ्या मात्र उद्यापासून बंद. पलटणीतला रगडा सज्ञान, निवडून घेतलेल्या जवानासाठी असतो. अकरा वर्षांच्या मुलीची हाडं अजून वाढताहेत. मैदानाची फेरी २०० मीटरची धरली तर दहा फेऱ्या म्हणजे २ किलोमीटर, तेही वॉर्म-अपशिवाय, कदाचित पेव्हर ब्लॉकवर. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला मनाई आहे. उशिरा आलेल्याला सरावाचे प्लॅस्टिकचे कोन (शंकू) मांडायला लावा, तेवढं पुरतं. आठवड्यातून तीन दिवस, तासभराचा सराव ठेवा: १० मिनिटं वॉर्म-अप, मग पळापळीचे खेळ, ४० ते ६० मीटरच्या पाच-सहा धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं चालणं. धावायचं मातीवरच.

त्या मुलीच्या नडगीची आतली कड लांबवर दुखत असेल तर बहुधा ताण आहे. दोन आठवडे धावणं थांबवून बघा. बोटानं दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मग हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तिच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा, हे सगळं सांगा, आणि फेऱ्या बंद केल्याचंही सांगा. मुख्याध्यापकांच्या निरोपाची वाट पाहू नका.

आता फटाक्याचं. अचानक आवाजाला दचकण्यात लाजण्यासारखं काही नाही, शरीर जे शिकलं ते विसरलेलं नाही. पण झोप मोडते, लढाईची स्वप्नं पडतात, विनाकारण संताप येतो, असं महिन्याहून जास्त चाललं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत. बोलायला लगेच कुणी हवं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. सेनादलांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये आपल्या पुण्यातच, एएफएमसीमध्ये (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला. शर्यत सोडायला पिस्तूल नको, लाकडी फळ्यांची टाळी वापरा. ती तुमच्याच हातात असल्यानं आवाज कधी होणार हे तुम्हाला ठाऊक असतं.

मुलांना दोनच वाक्यं सांगा: 'लढाईत मोठे आवाज खूप ऐकलेत, म्हणून मी दचकतो. मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा माझ्यासमोर येऊन मोठ्यानं बोला.' पाचवीतल्या मुलाला एवढं सहज समजतं.