शंका-समाधान : मोसंबीचे झाड तहानलेले कसे ओळखावे?

प्रश्न : मध्यम काळ्या जमिनीत ६ × ६ मीटरवर मोसंबीची सात वर्षांची बाग आहे, आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोरा) धरला आहे. एप्रिलपासून विहिरीला निम्मेच पाणी उरते. दुपारी पाने वळतात, संध्याकाळी सरळ होतात. झाडे धोक्यात आहेत का? उरलेले पाणी कसे द्यावे?
– बागायतदार, अंबड (जि. जालना)

उत्तर : दुपारी पान वळणे हा झाडाने केलेला बचाव आहे. पानाचा कमी भाग उन्हात येतो आणि खालच्या बाजूची पर्णरंध्रे (पानाची सूक्ष्म छिद्रे) मिटून पाणी वाचते. मात्र पर्णरंध्रे मिटली की अन्न तयार होणेही मंदावते. त्यामुळे झाड हिरवे दिसत असले तरी फळ पोसत नाही. धोका ओळखायचा तर पान पहाटे पाहा. रात्रभरात मुळांनी पाणी ओढून पान पुन्हा टवटवीत करायला हवे. सूर्य उगवण्याआधीही पान वळलेलेच असेल, तर मुळांच्या कक्षेतला ओलावा संपत आला आहे. यानंतर पानगळ होते आणि शेंड्याकडून सल पडू लागते, म्हणजे फांद्या वाळत येतात.

पाण्याचा हिशेब असा करा. उघड्या पात्रातून दिवसाचे बाष्पीभवन १० मिमी, पात्र गुणांक (पात्राच्या मोजमापाची दुरुस्ती) ०.७, पीक गुणांक (पिकाच्या गरजेचे प्रमाण) ०.७, झाडाचे क्षेत्र ३६ चौ. मी. आणि सावलीने व्यापलेला भाग निम्मा धरला, तर १० × ०.७ × ०.७ × ३६ × ०.५ म्हणजे एका झाडाला दिवसाला सुमारे ८८ लिटर. यातले निम्मेच हाती असेल, तर ते रोज थोडे थोडे शिंपडण्यात अर्थ नाही. वरचा थर भिजतो आणि उन्हाने उडून जातो.

ओळीच्या दोन्ही बाजूंना लॅटरल (ठिबकच्या नळ्या) असतील तर त्या स्वतंत्र व्हॉल्व्हवर घ्या. आठ-दहा दिवस एका बाजूने आणि नंतर दुसऱ्या बाजूने पाणी द्या. कोरड्या बाजूच्या मुळांतून अॅबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा संदेश पानांपर्यंत जातो आणि पर्णरंध्रे अर्धवट मिटतात. ओल्या बाजूची मुळे तोवर झाड जगवतात. फार हलक्या जमिनीत ही पाळी पाच-सहा दिवसांची ठेवावी. ड्रिपर मात्र उन्हाळ्यात हलवू नका. तंतुमुळे ओल्या पट्ट्यातच दाटलेली असतात, जागा बदलली तर पाणी मुळे नसलेल्या मातीत जाते.

फळांचा लोभ आवरायला हवा. पाणी निम्मे असेल तर फळेही विरळ करा, आणि पहाटेचे पान वळू लागले तर सगळी उतरवा. एक बहार गेला तरी चालेल, झाड राहिले पाहिजे. ड्रिपरच्या पट्ट्यावर १० सेंमी जाडीचे पाचट किंवा भुस्सा अंथरा, खोडापासून वीतभर अंतर सोडा. खोडाला बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करा, एकूण पाणी १० लिटर. पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी ६ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम. द्रावण सतत ढवळत राहा, नाहीतर माती तळाशी बसून नोझल तुंबते.

प्रश्न : पदवीच्या प्रकल्पासाठी मोसंबीवरील पाण्याचा ताण मोजायचा आहे. महागडी उपकरणे नाहीत. काय करता येईल?
– विद्यार्थिनी, कृषी महाविद्यालय

उत्तर : पानातील सापेक्ष जलांश काढा, म्हणजे पूर्ण भिजलेल्या पानाच्या तुलनेत पानात किती टक्के पाणी आहे ते. वर्गातला तराजू, ओव्हन आणि पेट्री डिश एवढ्यावर काम होते. एकाच वयाच्या पालवीतील, बाहेरच्या बाजूची पक्व पाने झाडाच्या चारही दिशांनी घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि तासाभरात चकत्या पाडून वजन करा. मग त्या डिस्टिल्ड पाण्यात, मंद उजेडात चार तास तरंगत ठेवा. टिपकागदाने हलकेच टिपून पुन्हा वजन घ्या. शेवटी ७० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

ताज्या वजनातून कोरडे वजन वजा करा, त्याला फुगलेले वजन वजा कोरडे वजन याने भागा आणि १०० ने गुणा. समजा ताजे ०.३२, फुगलेले ०.३८ आणि कोरडे ०.१४ ग्रॅम भरले, तर उत्तर ७५ टक्के येते. पाणी दिलेल्या झाडाचा आकडा त्याच वेळी घेतला नसेल, तर या ७५ वरून काहीच ठरवता येत नाही.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. टिपकागद दाबला की चकतीतले पाणीही निघते. पाने एका झाडाची सकाळी आणि दुसऱ्याची दुपारी घेतली जातात. तिसरी चूक सर्वांत मोठी : एका झाडाची बारा पाने म्हणजे बारा नमुने नव्हेत, तो एकच नमुना. पुनरावृत्ती झाडांची हवी आणि उताराचा परिणाम टाळायला प्रत्येक गटात सगळ्या पाणीपाळ्या असाव्यात.

जोडीला जमिनीत ३० आणि ६० सेंमीवर टेन्सिओमीटर (तळाशी सच्छिद्र कप असलेली, मातीचा ओढा मोजणारी पाण्याची नळी) बसवता येतील. भरायचे पाणी उकळून गार केलेले असावे. हवेचे बुडबुडे राहिले तर वाचन कमी येते. साधारण ८० सेंटिबारच्या (ओढ्याचे एकक) पुढे हे उपकरण चालत नाही. काळी जमीन भेगाळली की कपाचा मातीशी संपर्कच तुटतो, म्हणून भर उन्हाळ्यातली वाचने जपून वापरा.

प्रश्न : उन्हाळाभर तगलेली झाडे पावसाळ्यात अचानक का वाळतात?
– परभणी

उत्तर : उन्हाळ्यात तंतुमुळे मेलेली असतात. पाऊस पडताच झाड साठवलेल्या अन्नावर नवी पालवी फोडते, पण तिला पाणी पुरवायला मुळेच नसतात. त्यात पाणी साचले तर फायटोफ्थोरा बुरशी उरलेली मुळेही कुजवते. फांद्यांच्या घेराखाली १५-२० सेंमी उकरून पाहा. निरोगी तंतुमूळ पांढरट-पिवळे आणि टणक असते. कुजलेले चिमटीत ओढले की साल निघून हातात नुसता दोरा राहतो. तसा दोरा हाती आला, किंवा खोडाच्या तळाशी डिंक दिसला, तर चर काढून पाणी बाहेर घालवा. डिंक्याची साल खरवडून तेथे बोर्डो पेस्ट लावा आणि मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची लेबलवरील मात्रेत आळवणी करा (द्रावण मुळांशी ओता). नवी पांढरी मुळे दिसेपर्यंत युरिया देऊ नका. नांग्या (मेलेल्या झाडांच्या जागा) भरताना रंगपूर लाईम खुंटावरील कलमे घ्या, ती कोरडवाहू ताणाला जंभेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा सरस ठरतात. लावताना कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर राहील याची काळजी घ्या.