मधुमेह असलेल्या आईला कोविडचा बूस्टर द्यावा का?

आपली आई ६८ वर्षांची असून तिला मधुमेह आहे आणि २०२१ मध्ये कोविशील्डचे दोन डोस झाल्यानंतर तिने पुढे लस घेतलेली नाही, असे आपण लिहिले आहे. तिच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर बूस्टर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत कमी होतात आणि विषाणूही बदलत राहतो, त्यामुळे बूस्टरने संसर्ग हमखास टळेल असे नाही. मात्र आजार गंभीर होण्याचा धोका घटतो, आणि वय व साखर यांमुळे तो धोका घरात तिलाच सर्वाधिक आहे. आपण स्वतः तिशीतले व निरोगी असाल, तर आपल्याला एवढी निकड नाही.

२०२२ मध्ये सांगलीत माझ्या सासूबाईंनी हा डोस घेतला, तेव्हा त्यांचा दंड दुखला, रात्री कणकण आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नेहमीप्रमाणे भाकरी थापायला बसल्या. आईला रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते टोचण्यापूर्वी आवर्जून सांगावे. आधीच्या डोसनंतर अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस मुळीच घेऊ नये. लस आता सर्वत्र सहज मिळत नाही, म्हणून तिला मिरजेला नेण्यापूर्वी रुग्णालयात फोन करून खात्री करावी.