वायरलेस चार्जिंगची पट्टी घरीच लावू का?

प्रश्न: भाऊ, फोनचं टाइप-सी पोर्ट ढिलं झालंय, नागपूरच्या बर्डी बाजारात वायरलेस रिसीव्हरची पट्टी मिळते म्हणतात, ती लावली तर जमेल का?

उत्तर: पट्टीची पिन पण त्याच पोर्टमधे खुपसावी लागते हो, म्हणून पोर्ट आधी दुरुस्त करा. मग फोनची पाठ बघा, धातूची असेल तर नादच सोडा, चार्जिंग होत नाही अन् पत्रा तापतो. प्लास्टिक किंवा काच असेल तर पट्टी कव्हरच्या आत ठेवून चार्जिंग पॅडवर फोन सरकवत बघा, पॅडमधल्या कॉइलवर (तारेच्या वेटोळ्यावर) पट्टीतली कॉइल बरोबर आली की मगच चिकटवा. स्पीड साधारण 5 वॉट, म्हणजे रात्रभराचं काम. मला खरी काळजी उन्हाची वाटते, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास, त्यात ही चार्जिंग वायरीपेक्षा जास्त गरम होते, दुपारी नकाच लावू. अन् बॅटरी फुगली असेल तर आधी ती बदला.